उधारीची वही मोबाईलमध्ये : डेटाबेस तक्त्यांचा असावा की लखोट्यांचा?

व्यापारी बांधवांच्या गल्ल्यावर वहीच्या शेजारी मोबाईल येऊन आता बरीच वर्षे झाली. पूर्वी मोबाईल फक्त बोलण्यापुरता होता. आता ऑर्डर, उधारी, गोदामातील माल, वसुली असे सारे काही त्यातच ठेवण्याकडे कल आहे. ज्यांचा व्याप थोडा मोठा आहे ते बाजारातील तयार अ‍ॅपवर समाधान न मानता आपल्या धंद्यापुरते वेगळे अ‍ॅप लिहून घेतात. आपल्या समाजातील अनेक तरुण-तरुणी संगणकाचे शिक्षण घेऊन बाहेर पडत आहेत, त्यामुळे असे काम करून देणारा बहुधा घरातच किंवा मोहल्ल्यातच सापडतो. ही आनंदाची गोष्ट आहे. मात्र काम हाती घेताना पहिल्याच बैठकीत जो प्रश्न मिटवायला हवा, तो बहुतेक ठिकाणी विचारलाच जात नाही. हिशेब ज्या पेटीत ठेवायचा ती पेटी, म्हणजे डेटाबेस, कोणत्या जातीची असावी हा तो प्रश्न होय.

अ‍ॅप करणारा सांगतो की रिलेशनल डेटाबेस ही जुनी पद्धत झाली, नॉन-रिलेशनल किंवा नो-एसक्यूएल ही नवी. व्यापारी मान डोलावतो, कारण जुने नको असे कोणालाही वाटते. आमच्या मते येथे जुने-नवे हा मुद्दाच नाही. त्यामुळे काय घडू शकते हे एका उदाहरणावरून सांगतो.

कोकणातील एका तालुक्याच्या गावी आमचे एक स्नेही खजूर, सुकामेवा व मसाल्यांचा घाऊक व्यापार करतात. त्यांची तीन मुले (विक्रीची मुले, घरची नव्हेत) मोटारसायकलवर खेडोपाडी फिरून ऑर्डरी घेतात. माल दुसऱ्या दिवशी टेम्पोने जातो. स्नेह्यांच्या भाच्याने त्यांच्यासाठी अ‍ॅप लिहिले. मुलगा हुशार आहे. त्याने इंटरनेटवरून चालणारा नॉन-रिलेशनल डेटाबेस घेतला, कारण त्यात मोबाईलला रेंज नसली तरी नोंद करता येते आणि रेंज आली की ती आपोआप वर जाते. घाटाखालच्या वाड्यावस्त्यांत ही सोय फार मोलाची. सहा महिने काम सुरळीत चालले.

रमजानच्या आधी खजुराची उलाढाल वाढली आणि घोटाळा झाला. एका जातीचे ४० डबे गोदामात होते. सकाळी तिन्ही मुलांच्या मोबाईलवर शिल्लक ४० दिसत होती. पहिल्याने ६ डब्यांची ऑर्डर घेतली, त्याच्या मोबाईलने लिहिले, शिल्लक ३४. दुसऱ्याने ९ डबे विकले, शिल्लक ३१. तिसऱ्याने ४ विकले, शिल्लक ३६. तिघेही रेंजच्या बाहेर होते. संध्याकाळी एकेक जण रेंजमध्ये आला, आणि ज्याची नोंद सर्वांत शेवटी पोहोचली तीच टिकली. पडद्यावर शिल्लक ३६. दुसऱ्या दिवशी टेम्पो भरून गेल्यावर गोदामात प्रत्यक्ष डबे २१. पंधरा डबे कोठे गेले?

संशय गोदाम सांभाळणाऱ्या गृहस्थांवर आला. वीस वर्षे ज्यांच्याकडे किल्ल्या होत्या त्यांच्याकडून त्या काढून घेण्यात आल्या. यंत्र खोटे बोलणार नाही, असे सर्वांनी धरून चालले. आठ दिवसांनी भाच्याने तिन्ही मुलांच्या बिलांची बेरीज केली तेव्हा ६, ९ आणि ४ मिळून १९ भरले. ४० मधून १९ गेले, उरले २१. एकही डबा चोरीला गेला नव्हता. भाचा स्नेह्यांना म्हणाला, "मामू, चूक माझी आहे, गोदामाची नाही." स्नेही स्वतः चालत त्या गृहस्थांच्या घरी किल्ल्या परत द्यायला गेले. ते कामावर परतले खरे, पण आठ दिवसांचा तो अपमान कोणत्याही डेटाबेसमधून पुसता येत नाही.

आता हे असे का झाले ते पाहू. त्यासाठी दोन्ही पद्धतींची ओळख करून घेतली पाहिजे.

रिलेशनल पद्धत ही आयबीएम कंपनीच्या संशोधन केंद्रातील ई. एफ. कॉड या इंग्रज गणितज्ञाने १९७० साली एका लेखातून मांडली. माहिती तक्त्यांत ठेवावी, प्रत्येक गोष्ट एकाच ठिकाणी लिहावी, आणि एका तक्त्याचा दुसऱ्याशी संबंध क्रमांकाने जोडावा, हा तिचा गाभा. तक्त्यांना प्रश्न विचारण्याची भाषाही त्याच कंपनीत १९७४ च्या सुमारास तयार झाली, तीच आज एसक्यूएल म्हणून ओळखली जाते. आपल्या जुन्या मुनीमजींना हे समजावून सांगायला फार वेळ लागणार नाही. कीर्दीत रोजची नोंद, खतावणीत प्रत्येकाचे खाते, आणि दोन्हींना जोडणारा पान क्रमांक. गिऱ्हाईकाचा पत्ता बदलला तर तो खातेदारांच्या यादीत एकदाच बदलायचा, शंभर बिलांवर नाही.

या पद्धतीचा आणखी एक गुण आहे, आणि व्यापाऱ्याच्या दृष्टीने तोच सर्वांत मोठा. एक विक्री झाली की तीन नोंदी होतात. बिल तयार होते, माल कमी होतो, उधारी वाढते. या तिन्ही नोंदी एका गाठोड्यात बांधता येतात. होतील तर तिन्ही होतील, नाहीतर एकही होणार नाही. मधेच बॅटरी संपली तर अर्धवट हिशेब मागे राहत नाही. संगणकवाले याला ट्रान्झॅक्शन म्हणतात.

मोबाईलवर ही पद्धत वापरायची तर काही विकत घ्यावे लागत नाही. एसक्यूलाइट नावाचा रिलेशनल डेटाबेस अँड्रॉइड आणि आयफोन, दोन्हींत मुळातच असतो. त्याची जन्मकथा ऐकण्यासारखी आहे. डी. रिचर्ड हिप हे अमेरिकन गृहस्थ सन २००० मध्ये तेथील नौदलाच्या युद्धनौकेसाठी एका सॉफ्टवेअरवर काम करीत होते. मोठा डेटाबेस वेगळ्या सर्व्हरवर असे, आणि तो सर्व्हर बंद पडला की यांचे काम अडे. मग सर्व्हरच नको, सारा डेटाबेस एका साध्या फाईलमध्ये मावावा, या विचारातून एसक्यूलाइट निघाला. हिप यांनी त्यावर मालकी हक्कही ठेवला नाही, तो सर्वांना मोफत खुला केला. व्हॉट्सअ‍ॅप आपले निरोप अँड्रॉइड मोबाईलमध्ये याच डेटाबेसच्या फाईलमध्ये ठेवते. तेव्हा जुना म्हणून नाक मुरडण्याआधी आपल्या खिशात तो आधीपासूनच आहे हे लक्षात घ्यावे.

त्यातही काही खोडी आहेत. तक्त्यांमधील नाती तपासण्याची सोय त्यात आहे, पण ती मुळात बंद असते. अ‍ॅप लिहिणाऱ्याने दर वेळी डेटाबेस उघडताना ती चालू करावी लागते. ती चालू केली नाही तर अस्तित्वातच नसलेल्या गिऱ्हाईकाच्या नावे बिल फाटू शकते. तसेच आकड्याच्या रकान्यात अक्षरे लिहिली तरी तो नाही म्हणत नाही. त्यासाठी कडक तक्त्याची सोय २०२१ साली आली, पण ती मुद्दाम मागून घ्यावी लागते. आणि फाईलवर एका वेळी एकच जण लिहू शकतो. मोबाईलचा मालक एकच, त्यामुळे तेथे याची अडचण होत नाही. शेकडो लोक एकदम लिहिणार असतील अशा सर्व्हरवर मात्र पोस्टग्रेस किंवा मायएसक्यूएलसारखा दुसरा रिलेशनल डेटाबेस घ्यावा.

दुसऱ्या पद्धतीकडे वळू. नो-एसक्यूएल हा शब्द १९९८ मध्ये कार्लो स्ट्रोझी यांनी आपल्या एका छोट्या डेटाबेससाठी वापरला होता. गंमत म्हणजे तो डेटाबेस रिलेशनलच होता, फक्त एसक्यूएल भाषा वापरत नव्हता. आजच्या अर्थाने हे नाव २००९ पासून रूढ झाले. त्यामागे गरज होती ती प्रचंड कंपन्यांची. गुगलने २००६ साली बिगटेबल आणि अ‍ॅमेझॉनने २००७ साली डायनॅमो या आपल्या पद्धतींवर लेख प्रसिद्ध केले. हजारो यंत्रांवर माहिती विभागून ठेवायची, एखादे यंत्र बंद पडले तरी गिऱ्हाईकाला नाही म्हणायचे नाही, हा त्यांचा हेतू.

अ‍ॅमेझॉनच्या लेखातील एक गोष्ट व्यापाऱ्यांनी मुद्दाम समजून घ्यावी. खरेदीच्या टोपलीत वस्तू टाकणे कधीही अडू नये असे त्यांनी ठरविले. दोन यंत्रांवर टोपलीच्या दोन वेगळ्या प्रती तयार झाल्या तर त्या नंतर एकत्र करायच्या. यात टाकलेली वस्तू कधी हरवत नाही, मात्र काढून टाकलेली वस्तू क्वचित पुन्हा टोपलीत दिसू शकते. अ‍ॅमेझॉनला ते चालते, कारण पैसे देण्यापूर्वी गिऱ्हाईक टोपली पुन्हा पाहतोच. पण फेडलेली उधारी खात्यावर पुन्हा उगवली तर? ती आपल्याला चालणार नाही. दुसऱ्याच्या धंद्याला शिवलेला अंगरखा आपल्याला बसेलच असे नाही.

नॉन-रिलेशनल डेटाबेसचे अनेक प्रकार आहेत, परंतु मोबाईल अ‍ॅपसाठी बहुधा डॉक्युमेंट प्रकारचा घेतात. फायरबेसमधील फायरस्टोअर, मोंगोडीबी, काउचबेस ही त्यातील परिचित नावे. तक्त्यांऐवजी येथे लखोटे असतात असे समजा. एका गिऱ्हाईकाचा एक लखोटा, त्यातच त्याचा पत्ता, फोन, ऑर्डरी, जे हवे ते. एका लखोट्यात दहा रकाने, दुसऱ्यात तीनच, तरी हरकत नाही.

जेथे मालाचे वर्णन प्रत्येक वस्तूगणिक बदलते तेथे ही मोकळीक फार उपयोगी पडते. अत्तराला मिलिलिटर व बाटलीचा प्रकार हवा, कापडाला रंग, पन्हा व मीटर, बुरख्याला लांबी. यांचे तक्ते करायला गेलो तर निम्मे रकाने रिकामे राहतात. मालाची सचित्र यादी, गिऱ्हाईकाशी झालेला निरोपांचा व्यवहार, टेम्पो कोठवर आला याची खबर, यासाठी लखोटे उत्तम. शिवाय या सेवांत मोबाईल आणि सर्व्हर यांच्यातील मेळ तयारच मिळतो. एसक्यूलाइट स्वतः होऊन काहीही वर पाठवत नाही. तो मेळ अ‍ॅप लिहिणाऱ्याला बसवावा लागतो, आणि ते काम सोपे नाही. आमच्या स्नेह्यांच्या भाच्याने लखोटे निवडले ते याच कारणाने, त्याला सर्वस्वी दोष देता येणार नाही.

अडचण येते ती अहवालात. समजा तुम्हाला विचारायचे आहे की ९० दिवसांच्या पुढे ज्यांची थकबाकी आहे अशी गिऱ्हाइके कोणत्या गावात जास्त आहेत. रिलेशनलमध्ये हा एसक्यूएलच्या काही ओळींचा प्रश्न आहे. लखोट्यांत मात्र साधारणपणे हा प्रश्न आधीच मनात धरून माहिती तशी लावून ठेवावी लागते, नाहीतर सारे लखोटे उघडून बघावे लागतात. आणि लखोटा उघडण्याचे पैसे पडतात. फायरस्टोअरमध्ये दिवसाला ५०,००० डॉक्युमेंट वाचणे मोफत आहे, पुढे दर लागतो. ऐकायला आकडा मोठा वाटतो. पण ४०० गिऱ्हाइकांची यादी एका मोबाईलवर दिवसातून ३० वेळा उघडली आणि दर वेळी ती सर्व्हरवरून नव्याने मागवली, तर १२,००० वाचने झाली. असे पाच मोबाईल म्हणजे ६०,०००. मोफत मर्यादा संपली. यादी मोबाईलमध्ये जपून ठेवली तर हा खर्च वाचतो, पण ते अ‍ॅप लिहिणाऱ्याला आधी सांगावे लागते. दरांचे तक्ते बदलत असतात, करार करताना ताजा तक्ता पाहावा.

पुन्हा खजुराच्या डब्यांकडे येऊ. खरा दोष लखोट्याचा होता काय? पूर्णपणे नाही. भाच्याने "शिल्लक ३१" असे लिहिले, ही मूळ चूक. कोणत्याही जुन्या मुनीमाने ती केली नसती. मुनीम कीर्दीत "९ डबे गेले" असे लिहितो आणि शिल्लक शेवटी बेरीज-वजाबाकीने काढतो. लिहिलेले खोडत नाही, चुकले तर उलट नोंद करतो. तिन्ही मोबाईलनी "६ गेले", "९ गेले", "४ गेले" अशा स्वतंत्र नोंदी पाठवल्या असत्या तर त्या कोणत्याही क्रमाने पोहोचल्या तरी उत्तर २१ च आले असते. फायरस्टोअरमध्येही आकडा सरळ लिहिण्याऐवजी "इतक्याने कमी कर" अशी आज्ञा देता येते, आणि ती रेंज नसताना दिली तरी नंतर बरोबर लागू होते. मात्र त्याचे ट्रान्झॅक्शन, म्हणजे वर सांगितलेले गाठोडे, रेंज नसताना चालत नाही. ज्या वस्तीत रेंज नाही तेथेच विक्री करायची असेल तर हा फरक साधा नव्हे. येथे एसक्यूलाइटचे पारडे जड आहे, कारण त्याचे गाठोडे मोबाईलच्या आतच बांधले जाते, रेंज असो वा नसो.

आणखी एका गोष्टीचा विचार दोन्ही पद्धतींत करावा लागतो, तो म्हणजे बिलाचा क्रमांक. तीन मोबाईल रेंजबाहेर असतील तर तिघेही १०१ क्रमांकाचे बिल फाडतील. जीएसटीच्या २०१७ च्या नियमांनुसार बिलाचा क्रमांक सलग, १६ अक्षरांपर्यंत, आणि त्या आर्थिक वर्षात एकमेव असला पाहिजे. पण नियमातच एकापेक्षा अधिक मालिका ठेवण्याची मुभा आहे. प्रत्येक मोबाईलला आपली मालिका द्यावी म्हणजे प्रश्न मिटतो. रकमा दशांशात न ठेवता पूर्ण पैशांत ठेवाव्यात, म्हणजे १२ रुपये ५० पैसे हे १२५० असे. संगणकाचे दशांश अपूर्णांक पैशापैशाने चुकतात आणि महिनाअखेर त्याचा छडा लागत नाही. तसेच बिलावरचा दर मालाच्या यादीतून दर वेळी वाचू नये, विक्रीच्या वेळी तो बिलातच उतरवून ठेवावा. नाहीतर उद्या खजूर महागला की गेल्या महिन्याची बिलेही महाग होतात. प्रत्येक गोष्ट एकाच ठिकाणी लिहावी या नियमाला हा अपवाद आहे, आणि नवशिके येथेच चुकतात.

आता या साऱ्यापेक्षा ज्याची आम्हाला जास्त काळजी वाटते ते सांगतो. वही तुमच्या कपाटात असते. डेटाबेस कोणाच्या कपाटात आहे?

पार्स नावाची सेवा मोबाईल अ‍ॅपवाल्यांत फार लोकप्रिय होती. माहिती सर्व्हरवर ठेवण्याची सारी तयारी ती करून देई. २०१३ साली फेसबुकने ती विकत घेतली. जानेवारी २०१६ मध्ये ती बंद करण्याची घोषणा झाली आणि जानेवारी २०१७ च्या अखेरीस ती बंद झाली. त्यांनी वर्षभराची मुदत दिली, आपला सर्व्हरचा कोडही खुला केला, हे मान्य केले पाहिजे. परंतु ज्या दुकानदाराचे अ‍ॅप लिहून देणारा मुलगा तोवर नोकरीसाठी परदेशी गेला होता, त्याने काय करावे? दुसरे उदाहरण रेल्म या मोबाईलमधील डेटाबेसचे. मोंगोडीबी कंपनीने तो २०१९ मध्ये घेतला, मोबाईल व सर्व्हर यांचा मेळ घालणारी सेवा त्याला जोडली, आणि सप्टेंबर २०२४ मध्ये ती सेवा थांबवण्याचे जाहीर केले. एका वर्षाने, सप्टेंबर २०२५ अखेर, ती संपली. दोन्ही वेळा मुदत साधारण एका वर्षाची. आणि जीएसटी कायद्यानुसार हिशेबाची कागदपत्रे वार्षिक विवरणाच्या शेवटच्या तारखेपासून ७२ महिने, म्हणजे सहा वर्षे, जपावी लागतात.

या बाबतीतही रिलेशनल पद्धत थोडी सुरक्षित आहे असे आमचे मत आहे. एसक्यूएल भाषा कोणा एका कंपनीची नाही. एका डेटाबेसमधील तक्ते दुसऱ्यात नेताना त्रास होतो, पण ते जातात. लखोट्यांची प्रत्येक सेवा आपल्या रीतीने चालते, आणि एकीसाठी लिहिलेले अ‍ॅप दुसरीसाठी बऱ्याच अंशी पुन्हा लिहावे लागते. अर्थात एसक्यूलाइटची फाईल मोबाईलमध्येच पडून असेल तर तीही सुरक्षित नव्हे. अ‍ॅप काढून टाकले की फाईलही जाते. अँड्रॉइडची आपोआप होणारी नक्कल एका अ‍ॅपसाठी २५ एमबीपर्यंतच असते. तिच्यावर कुलूपही मुळात नसते, ते वेगळे बसवावे लागते. चोरीला गेलेल्या मोबाईलबरोबर गिऱ्हाइकांची उधारी चारचौघांत जाऊ नये, याची जबाबदारी व्यापाऱ्याचीच आहे.

दोन्ही पक्ष आता एकमेकांच्या जवळ येत आहेत, हेही नोंदवले पाहिजे. पोस्टग्रेसच्या तक्त्यातील एका रकान्यात अख्खा लखोटा ठेवता येतो, एसक्यूलाइटमध्येही ती सोय आहे. मोंगोडीबीने २०१८ मध्ये अनेक डॉक्युमेंटांचे गाठोडे बांधण्याची सोय दिली. लखोट्यांसाठी प्रसिद्ध असलेल्या फायरबेसमध्ये गुगलने २०२४ साली पोस्टग्रेसवर चालणारी सेवा आणली. त्यामुळे एकच एक निवडण्याचा हट्ट धरण्याचे कारण उरलेले नाही.

आमच्या स्नेह्यांच्या भाच्याने अखेर तसेच केले. बिल, माल आणि उधारी मोबाईलमध्ये एसक्यूलाइटच्या तक्त्यांत. खोडाखोड नाही, फक्त नोंदी. प्रत्येक नोंदीला जगात दुसरा नसेल असा क्रमांक, म्हणजे तीच नोंद चुकून दोनदा वर गेली तरी एकदाच धरली जाते. संध्याकाळी रेंजमध्ये आल्यावर नोंदी पोस्टग्रेसवर जातात. मालाची सचित्र यादी मात्र लखोट्यांतच राहिली, ती तेथेच शोभते. या फेरफाराला त्याला अडीच महिने लागले. स्नेह्यांनी त्याचे पूर्ण पैसे दिले, घरचा मुलगा म्हणून कमी केले नाहीत, हे आम्हाला विशेष वाटले.

दर शुक्रवारी दुपारी सर्व खात्यांची प्रत एका पेनड्राइव्हवर उतरवून घेतली जाते. ती साध्या तक्त्यांच्या स्वरूपात असते, कोणत्याही संगणकावर उघडते. ती ठेवण्याच्या कपाटाची किल्ली गोदामातील त्याच गृहस्थांकडे आहे.